चांगले टायर पुढे

मी अंगठ्याचं नख टायरच्या रबरात दाबून पाहिलं. रुतलं. दुसऱ्यात दाबलं, तिथंही रुतलं. तिसरा मात्र दगड होता. चौथाही तसाच.

"हे दोन घ्या," मी म्हणाले. "ते दोन राहू द्या."

उकिडवे बसलेले आमचे जावई, निशिकांतराव, मान वर करून माझ्याकडं बघायला लागले. माझी लेक वैजू आठव्या महिन्याचं पोट सांभाळत गाडीला टेकून उभी होती, तीही बघायला लागली. ज्याच्या अंगणात आम्ही जुनी चाकं बघायला गेलो होतो, तो नॉर्वेचा माणूस तिघांकडं आळीपाळीनं बघत होता. लुगड्यावर दोन स्वेटर चढवलेल्या या म्हातारीला टायरातलं काय कळतंय, असं त्याला वाटलं असणार.

टायरातलं मला कळत होतं. खंबाटकी घाटाच्या पायथ्याला आमचं टायरचं दुकान होतं, सत्तावीस वर्षं. ट्रक घाट उतरून यायचे तेव्हा त्यांची चाकं तव्यासारखी तापलेली असायची, आणि बरेचसे आमच्या दारातच फुटायचे. नवरा मशीनवर, मी पान्यावर. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. वैजू चौथीत असताना टायरांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायची, तिनं मला आधी टायरवरचे आकडे आणि इंग्रजी अक्षरं शिकवली. मराठी त्यानंतर. टायरच्या कडेवर सगळं लिहिलेलं असतं. माप, किती वजन पेलणार ते, कुठल्या वर्षी कुठल्या आठवड्यात कारखान्यातून निघाला ते. गिऱ्हाईक फसतं ते कडा वाचत नाही म्हणून.

अर्ध्या तासापूर्वी त्याच अंगणात जावयांनी एक संच जवळजवळ पसंत केला होता. चारही टायर कमी वापरलेले, माप बरोबर. मी कडा वाचली, मग गाडीचा दरवाजा उघडून चौकटीवरची चिठ्ठी वाचली.

"गाडी मागतेय अठ्ठ्याण्णव," मी म्हणाले. "यांच्यावर आहे एक्क्याण्णव."

"म्हणजे काय, मामी?" आमच्याकडं जावई सासूला मामी म्हणतात.

"म्हणजे हे हलक्या गाडीचे. तुमच्या गाडीच्या पोटात बॅटरी भरलीय, तिचं वजन कोण पेलणार?"

जावयांनी मोबाइलवर तपासलं आणि टायर हळूच खाली ठेवला. "मामी म्हणतायत ते खरंय. मी नुसतं माप बघितलं."

"मग?" वैजू म्हणाली. "पंधरा हजार ट्रक बघितलेत तिनं. तुमचं इंजिनिअरिंग ठेवा बाजूला."

ते हसले. मीही हसले असेन, मला आठवत नाही.

टायर घ्यायचेत म्हणून घरात पंधरा दिवस वाद चालला होता. वैजूचं घर एका दरीत होतं आणि दवाखाना डोंगरापलीकडं, चाळीस किलोमीटरवर. मध्ये एकच रस्ता. वैजूचं आधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पहिली कळ आली की थांबायचं नाही, निघायचं. दिवस भरणार होते नोव्हेंबरच्या शेवटी. तोवर त्या डोंगरावर बर्फ पडणार हे ठरलेलंच. आणि विजेवर चालणारी ती गाडी त्यांनी मे महिन्यात घेतलेली, तिच्या पायात उन्हाळ्याचे टायर.

"उन्हाळ्याच्या टायरचं रबर थंडीत कडक होतं, घसरतं," जावई सांगायचे. "थंडीचं रबर मऊ, ते बर्फ धरतं. पण उन्हाळ्यात तेच चालवलं तर खोडरबरासारखं झिजतं. म्हणून दोन संच पाहिजेत. इथं सगळेच ठेवतात."

"बारमाही टायर मिळतात की," वैजू म्हणायची. "एकदा लावले की झालं."

"बारमाही म्हणजे दोन्हीकडं अर्धवट."

"आणि वर्षातून दोनदा चाकं बदलत बसायची? उरलेली चार ठेवायची कुठं, पाळण्याखाली?"

मी हे खिडकीशी बसून ऐकत होते. बोलत नव्हते. त्या वर्षी श्रावणात माझे मालक गेले होते. वैजूनं बाळंतपणाचं निमित्त काढून मला विमानात बसवून आणलं, पण मी तिथं पोहोचले असं मला वाटतच नव्हतं. शेवटी वैजूनं हार मानली आणि दोन संच घ्यायचे ठरलं. जुने तर जुने, पण थंडीसाठी वेगळे.

तर त्या अंगणात आमच्यापुढं चार चाकं होती, वजनाला बरोबर. दोन टायर मागच्या वर्षी निघालेले, दोन नऊ वर्षांपूर्वीचे. नऊ वर्षांत रबर मरतं, नक्षी कितीही खोल दिसू दे.

"दोनच घेऊन काय करायचं?" वैजूनं विचारलं.

"पुढं लावायचे. मागं आहेत ते उन्हाळ्याचेच राहू देत, कोरे आहेत ते."

"मामी, या गाडीचा जोर मागच्या चाकांना..." जावई म्हणाले.

"जोर कुठं का असेना. गाडी वळवायची कुणी? पुढच्यांनी. चांगले टायर पुढे, उरलेले मागे. वैजू, तुझे बाबा काय म्हणायचे?"

"पुढचा फुटला तर मढं, मागचा फुटला तर उशीर," वैजूनं एका दमात म्हणून दाखवलं.

जावयांनी तोंड उघडलं होतं. त्यांनी वैजूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तोंड मिटलं.

"बरं," ते म्हणाले. "दोनच घेऊ."

घरी आल्यावर चाकं मीच बदलली. जॅक कुठं टेकवायचा ते जावयांनी दाखवलं, कारण त्या गाडीच्या पोटाखाली जिकडंतिकडं बॅटरीच. बाकी पाना माझ्या हातात. वैजूनं खिडकीतून फोटो काढले. गारठ्यानं बोटं आखडली होती, तरी दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ आला. सोमवारी पडला, रात्रीत गोठला. बुधवारी वैजूला तपासणीला जायचं होतं. जावयांना कामावर जावं लागणार होतं, म्हणून गाडी वैजू चालवणार होती आणि शेजारी मी.

मंगळवारी सकाळी नऊला, नुकतंच उजाडत होतं, जावई डोक्यात टोपी घालताना म्हणाले, "जरा गाडी फिरवून आणतो. बॅटरी थंडीत किती उतरते बघतो."

"आज कामावर नाही?" वैजूनं विचारलं.

"अकराला जाईन."

अकरा वाजले, आले नाहीत. वैजूनं फोन लावला, लागला नाही. ती दर पाच मिनिटांनी लावत राहिली. साडेअकराला दार उघडलं आणि ते आत आले, चालत. गुडघ्यापर्यंत बर्फ, कपाळावर खरचटलेलं.

"काही नाही, काही नाही," ते आधीच म्हणाले. "गाडी चरात गेली. जनावर आडवं आलं."

"कसलं जनावर?" वैजूचा आवाज चिरकला होता.

"ते सांबरासारखं असतं ना इकडं, ते. मी वळवायला गेलो आणि घसरली. मला काही झालेलं नाही. गाडीलाही नाही. शेजारचा ओलाव ट्रॅक्टर काढतोय, ओढून आणतो."

"मी येते," मी म्हणाले.

"मामी, थंडी फार आहे."

"येते."

ओलाव म्हणजे दोन घरं सोडून राहणारा शेतकरी, साठीचा, अंगानं गडी. त्यानं मला ट्रॅक्टरच्या काचेच्या खोलीत आपल्या शेजारी बसवलं आणि जावई मागं उभे राहिले. चढ चढून आम्ही माथ्यावर गेलो आणि पलीकडच्या उताराला लागलो. दुसऱ्या वळणावर गाडी दिसली. चरात मागनं घुसली होती, आणि तिचं तोंड होतं घराकडं. ती निघाली होती दवाखान्याच्या दिशेनं.

मी खाली उतरले. ओलाव साखळी काढत होता तोवर मी रस्ता बघितला.

त्या रस्त्यावर सकाळपासून दुसरं कोणी गेलेलं नव्हतं. जनावराचं पाऊल कुठंच नव्हतं. घराकडं परतलेली जावयांची पावलं आणि चाकांच्या खुणा तेवढ्या होत्या, स्लेटवर काढल्यासारख्या. वळण लागेपर्यंत चार चाकांच्या दोन रेघा. वळणावर पुढच्या चाकांची खूण तशीच नक्षीदार, दाबून बसलेली. मागच्यांची तिथनं बाहेर सुटली होती, गुळगुळीत, पुसल्यासारखी, कोयत्याच्या पात्यासारखी बाक घेऊन. शेपूट पुढं आलं, गाडी फिरली आणि उलटी चरात गेली. चर होता तिथवर बरं होतं. तिथनं वीस पावलांवर चर संपत होता. त्यापुढं कठडा नव्हता, आणि बरंच खाली तळं होतं, काळं.

मी त्या कडेला जाऊन उभी राहिले. बुधवारी इथं वैजू असणार होती.

ओलावनं गाडीजवळ वाकून साखळी अडकवली. मग तो थबकला. त्यानं पुढच्या टायरवरचा बर्फ हातमोज्यानं झाडला, बघितलं. मागं गेला, मागचा झाडला, बघितलं. उभा राहून त्यानं जावयांना काहीतरी विचारलं. मला त्यांची भाषा येत नव्हती, पण एक बोट पुढच्या चाकाकडं आणि एक मागच्या चाकाकडं, एवढ्यावर सगळं कळत होतं. असले टायर कोणी लावले?

जावयांनी हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

ओलाव बराच वेळ बोलला. आवाज चढवला नाही त्यानं, पण बोलला. पोटाचा आकार हातानं दाखवून बोलला, म्हणजे वैजूबद्दल. जावई मान खाली घालून ऐकत होते. चाळिशीला आलेला माणूस, वीज तयार करणाऱ्या केंद्रात मोठा साहेब. एकदाही त्यांनी माझ्याकडं बोट केलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ओलाव ट्रॅक्टरवर चढला तेव्हा मी त्यांच्याजवळ गेले.

"जनावर कुठाय?" मी विचारलं.

त्यांनी टोपी कपाळावर खाली ओढली.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"मामी, जाऊ द्या."

"अंगणात चाकं घेताना ठाऊक होतं. तुम्ही बोलत होतात, मी बोलू दिलं नाही. काय म्हणणार होतात?"

"ही गाडी वेगळी आहे," ते म्हणाले. "हिच्यात ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल केला की ती आपली आपण थांबायला लागते, मागच्या चाकांनी. बर्फावर मागं पकड नसेल तर शेपूट फिरतं. घाटात तुमचं बरोबर आहे, तिथं टायर फुटतात. इथं फुटत नाहीत, घसरतात."

"आणि हे तेव्हा का नाही सांगितलं? जावई सासूला उलटून बोलत नाहीत म्हणून?"

"थोडं तेही."

"आणि?"

ट्रॅक्टर सुरू झाला होता. त्यांनी तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

"तुम्ही येऊन तीन आठवडे झाले होते, मामी. जेवलात का विचारलं तर मान हलवायची, झोप लागली का विचारलं तर मान. वैजू रोज माझ्याजवळ रडायची, म्हणायची, बाबांबरोबर आईपण गेली. त्या दिवशी टायर बघून तुम्ही बोलायला लागलात. मी कुठल्या तोंडानं सांगू की तुमचं चुकतंय?"

मी चरातल्या गाडीकडं बघितलं.

"म्हणून म्हटलं, आधी आपण चालवून बघू," ते म्हणाले. "नीट चालली असती तर माझं चूक, तुमचं बरोबर. मला बरंच वाटलं असतं."

साखळी ताणली, गाडी कुरकुरत चरातून वर आली. आम्ही दोघं बाजूला सरकलो. मी लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले, तर पदर कडक झाला थंडीनं.

"जावईबापू," मी म्हणाले, "आमच्या दुकानात एक रीत होती. एकानं नट आवळले की दुसऱ्यानं पाना लावून बघायचे. मालकांचे मी बघायची, माझे मालक बघायचे. कितीदा ढिला निघाला. कोणी कोणाला लागून घेतलं नाही. त्यामुळं सत्तावीस वर्षांत आमच्या हातचं एक चाक रस्त्यावर निघालं नाही."

"हो, वैजूनं सांगितलंय."

"माझ्यामागं पाना लावणारा माणूस गेला. मी विसरले की तो गेलाय. मला वाटलं मी आवळलं की आवळलं." मला धाप लागली होती. "इथनं पुढं तुम्ही बघायचं. मी काहीही म्हणू दे. तोंडावर सांगायचं, मामी, चूक आहे. मला वाईट वाटलं तर वाटू दे, मी दोन दिवस खिडकीत बसेन. पण असं एकट्यानं मरायला जायचं नाही. माझ्या लेकीला नवरा पाहिजे."

"बरं," ते म्हणाले.

"बरं नाही. तुमच्या बरं म्हणण्यावर माझा विश्वास राहिलेला नाही."

तेव्हा ते हसले, कपाळाचं खरचटलेलं दुखलं म्हणून मध्येच थांबले.

घरी गेल्यावर वैजूला मीच सांगितलं. जनावर नव्हतं, तुझी आई होती. ती आमच्या दोघांवर मिळून जेवढी ओरडली तेवढी लहानपणीही कधी ओरडली नव्हती. बुधवारची तपासणी तिनं ओलावच्या गाडीतून जाऊन केली. शुक्रवारी चार नवे टायर आले, चारही एकाच आठवड्यात निघालेले, थंडीचे. मी ते लावले आणि पाना जावयांच्या हातात दिला. चौथ्या चाकाचा एक नट त्यांना ढिला लागला. मी मुद्दाम ठेवला होता असं वैजू अजून म्हणते. तसं नाही. खरंच राहिला.

माझी नात आता सात वर्षांची आहे. त्यांच्याकडं अजून दोन संच आहेत. उन्हाळ्याचे चार शेडमध्ये टांगले की थंडीचे चार निघतात, वसंतात उलट, आणि वैजूची कटकट दोन्ही वेळा ऐकायला मिळते. आमच्या गावची माणसं विचारतात, जावई कसा आहे, मान ठेवतो का. मी त्यांना एकच गोष्ट सांगते.

तो दिवस सव्वीस नोव्हेंबरचा, वेळ दुपारी बाराची. पाऊण तासापूर्वी वैजूला पहिली कळ आली होती आणि आम्ही निघालो होतो. जावई चालवत होते, मागं मी वैजूचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बर्फ पडत होता, रस्ता आणि आभाळ एकच झालं होतं. माथा ओलांडला आणि उतार लागला. पहिलं वळण गेलं. दुसरं दिसायला लागलं तसा माझा जीव गोळा झाला. वैजूला कळ आली, तिनं माझं मनगट आवळलं, आणि मला वाटलं गाडी फार जोरात चाललीय.

"ब्रेक मारा," मी म्हणाले. ते ऐकेनात. "जावईबापू, ब्रेक मारा की. वळण आलं. मारा."

"मामी," ते समोरून नजर न काढता म्हणाले, "इथं ब्रेक मारायचा नसतो. चुकतंय तुमचं. गप बसा जरा."

वैजूनं कळ सोसता सोसता डोळे उघडून माझ्या तोंडाकडं पाहिलं.

मी गप बसले. गाडी वळली.